धडधडत्या हृदयाचे भय
पॅनिक ॲटॅकमध्ये हृदयाचे ठोके का वाढतात आणि ते शांत कसे करावेत?

लोणावळा, प्रतिनिधी

जून महिना सरत आला, इंद्रायणीला पाणी आले आणि भुशीचे धरण भरून सांडव्याच्या पायऱ्यांवरून वाहू लागले की पुण्या-मुंबईची गर्दी लोणावळ्याकडे लोटते. ब्रिटिश काळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले हे छोटेसे धरण आता वर्षा सहलीचे ठिकाण झाले आहे. शनिवार-रविवारी लोणावळा ते भुशी या अवघ्या पाच-सहा किलोमीटरच्या रस्त्यावर वाहने तासन्‌तास खोळंबतात. अशा वेळी, काचा बंद केलेल्या मोटारीत किंवा पायऱ्यांवरच्या रेटारेटीत, एखाद्याला एकाएकी अस्वस्थ वाटू लागते. छातीत धडधड होते, श्वास पुरत नाही, तळहातांना घाम सुटतो, बोटांना मुंग्या येतात आणि ‘आता आपले काही खरे नाही’ हा विचार मनाचा ताबा घेतो. बरोबरच्या मंडळींपैकी एक जण म्हणतो, ‘हार्ट ॲटॅक आहे, लगेच दवाखान्यात न्या.’ दुसरा म्हणतो, ‘काही नाही, घाबरला आहे. पाणी पाजा.’

या दोघांपैकी बरोबर कोण, हा प्रश्न क्षुल्लक नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला ‘तू उगाच घाबरला आहेस’ असे सांगून बसवून ठेवले, तर बहुमोल वेळ वाया जातो. उलट, भीतीचा झटका म्हणजे पॅनिक ॲटॅक आलेला माणूस तो न ओळखल्यामुळे पुढे कित्येक महिने एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत राहतो. प्रत्येक तपासणी निर्दोष येते, पण धडधड थांबत नाही. हळूहळू तो प्रवास टाळतो, गर्दी टाळतो, जिना टाळतो, एकट्याने घराबाहेर पडणे टाळतो. पॅनिक ॲटॅकमध्ये हृदयाचे नेमके काय होते, हे समजून घेणे म्हणूनच उपचाराची पहिली पायरी ठरते. डॉक्टरांनी तपासून हृदय निरोगी असल्याचा निर्वाळा दिल्यानंतरची ती धडधड बिघडलेल्या हृदयाची नसते. चुकून मिळालेला आदेश निरोगी हृदय चोख पार पाडत असते.

खरे संकट आणि खोटी घंटा

भय ही निसर्गाने दिलेली देणगी आहे, हे भुशीइतके क्वचितच कुठे स्पष्ट दिसेल. ३० जून २०२४ रोजी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात पाण्याचा लोंढा अचानक वाढला आणि पुण्याहून सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून जाऊन मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलांचा समावेश होता. पाणी क्षणाक्षणाला वाढत असताना प्रवाहाकाठी उभ्या असलेल्या माणसाचे हृदय धडधडू लागते, ते योग्यच असते. पळण्यासाठी पायांच्या स्नायूंना रक्त हवे असते आणि ते पोहोचविण्यासाठी हृदयाला वेग वाढवावाच लागतो.

संकटात शरीर लढण्यासाठी अथवा पळण्यासाठी सज्ज होते, हे अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये सविस्तर मांडले. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, श्वास जलद होतो, पचनाचे काम मंदावते, त्वचेकडील रक्त स्नायूंकडे वळते आणि घाम सुटतो. पॅनिक ॲटॅकमध्ये हेच सारे घडते. फरक एवढाच, की समोर लोंढा नसतो. संकटाची घंटा वाजते, पण संकट नसते. घंटेचा आवाज मात्र खऱ्या संकटाच्या वेळी असतो तितकाच मोठा असतो. म्हणून ‘उगाच घाबरतोस’ या वाक्याने त्या माणसाला दिलासा मिळत नाही. त्याच्या शरीरात घडणारे बदल खरे असतात, खोटी असते ती केवळ त्यामागची सूचना.

असे झटके अनेकांना येतात. पंचवीस देशांतील पाहण्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे १३ टक्के लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा असा झटका येऊन गेलेला असतो. मात्र, झटके पुनःपुन्हा येणे आणि पुढच्या झटक्याच्या धास्तीने जगणेच बदलून जाणे, म्हणजे ‘पॅनिक डिसऑर्डर’, हे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी आढळले. एखादा झटका आला म्हणजे आजार जडला, असे नव्हे.

ब्रेक सैल, बँकर जोरात

हृदयाला स्वतःची लय असते. उजव्या कर्णिकेतील पेशींचा एक लहानसा पुंजका विद्युत स्पंदने निर्माण करतो आणि त्यानुसार ठोके पडतात. बाहेरून कोणतेही नियंत्रण नसेल, तर ही लय मिनिटाला सुमारे १०० ठोक्यांची असते. तरीही स्वस्थ बसलेल्या निरोगी प्रौढाची नाडी बहुधा ७०-७५ च्या आसपास असते, कारण मेंदूकडून निघून मान आणि छातीतून खाली उतरणारी ‘व्हेगस’ ही चेतातंतू हृदयाला सतत थोडा लगाम घालत असते.

या तंतूच्या टोकाशी एक रासायनिक द्रव्य पाझरते आणि ते ठोके मंदावते, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांत दाखवून दिले. ते द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलिन. या शोधासाठी त्यांना १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

बोरघाटातून रोज जा-ये करणाऱ्यांना ही यंत्रणा रेल्वेच्या उदाहरणाने चटकन उमगेल. घाट उतरताना गाडी ब्रेकच्या जोरावर ताब्यात ठेवली जाते, तर घाट चढताना कर्जतला मागून ‘बँकर’ इंजिने जोडली जातात. हृदयाच्या बाबतीत व्हेगस हा ब्रेक आहे आणि ‘सिंपथेटिक’ चेतासंस्था हे बँकर इंजिन. भीतीची सूचना मिळताच प्रथम ब्रेक सैल होतो. त्याचा परिणाम एक-दोन ठोक्यांतच दिसतो, त्यामुळे धडधड ‘एकदम’ सुरू झाल्यासारखी वाटते. त्यानंतर काही सेकंदांत सिंपथेटिक तंतूंचा जोर लागतो. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात मिसळते आणि ठोक्यांचा वेगच नव्हे, तर प्रत्येक ठोक्याचा जोरही वाढतो. छातीवर कोणी आतून बुक्के मारत आहे, असे वाटते ते यामुळे.

या वर्णनातच दिलासाही दडलेला आहे. रक्तातील ॲड्रेनॅलिनचा साठा दोन-तीन मिनिटांतच निम्म्यावर येतो. नवी सूचना मिळत राहिली नाही, तर शरीर आपोआप निवळू लागते. म्हणूनच पॅनिक ॲटॅक साधारणपणे दहा मिनिटांच्या आत शिखर गाठतो आणि नंतर ओसरतो. थकवा, थरथर आणि हुरहुर मात्र तासभर किंवा अधिक काळ रेंगाळू शकते.

आकडा तोच, अर्थ वेगळा

प्रौढांमध्ये स्वस्थ स्थितीत मिनिटाला ६० ते १०० ठोके सर्वसाधारण मानले जातात. झटक्यात अनेकांची नाडी १०० च्या वर जाते. काहींची १२० ते १४० पर्यंतही पोहोचते. हा आकडा मनगटी घड्याळात पाहिला की धाबे दणाणते. पण हाच माणूस मळवलीहून लोहगड चढला, तर त्याची नाडी सहज एवढीच किंवा याहून अधिक होते. वय २२० मधून वजा केले की हृदयाच्या कमाल वेगाचा ढोबळ अंदाज येतो. पस्तीस वर्षांच्या व्यक्तीसाठी तो १८५ च्या घरात जातो. गडाच्या पायऱ्यांवर १४० ठोके पडले तर आपण म्हणतो, ‘दम लागला.’ मोटारीत बसल्या जागी तेच १४० पडले तर म्हणतो, ‘काहीतरी भयंकर होते आहे.’ निरोगी हृदयाच्या दृष्टीने दोन्ही कामे सारखीच असतात.

याहून उद्बोधक गोष्ट १९८० च्या दशकात पुढे आली. पॅनिक डिसऑर्डरच्या रुग्णांच्या अंगावर ठोक्यांची नोंद करणारे छोटे यंत्र बांधून त्यांना नेहमीचे व्यवहार करू देण्यात आले. काही झटक्यांत ठोके स्पष्टपणे वाढल्याचे दिसले. पण काही झटक्यांत रुग्णाला प्रचंड धडधड जाणवत असतानाही ठोक्यांचा वेग फारसा बदललेला नव्हता. म्हणजे काही वेळा वाढलेली असते ती ठोक्यांची संख्या, तर काही वेळा केवळ ठोक्यांकडे लागलेले लक्ष.

भीतीची भीती

हा गोंधळ आजचा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात शेकडो सैनिक धाप, छातीत दुखणे आणि धडधड यांच्या तक्रारी घेऊन येत. तपासणीत हृदयाचा ठोस विकार मात्र सापडत नसे. जेकब मेंडिस द कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये त्यांच्यावर निबंध लिहून या स्थितीला ‘क्षोभी हृदय’ असे नाव दिले. पहिल्या महायुद्धात पुन्हा तेच घडले. पुढे बऱ्याच काळाने लक्ष हृदयावरून मनाकडे वळले आणि १९८० मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत ‘पॅनिक डिसऑर्डर’ ही स्वतंत्र नोंद झाली. त्या सूचीतील लक्षणांमध्ये छातीतील धडधड ठळक आहे.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये या झटक्याचे दुष्टचक्र नेमकेपणाने उलगडले. जिना चढणे, कडक चहा, अपुरी झोप, उकाडा किंवा राग अशा कोणत्याही साध्या कारणाने ठोके किंचित वाढतात. मन त्याचा अर्थ ‘हृदय बंद पडणार’ असा लावते. त्या विचाराने भीती वाटते. भीतीने ठोके आणखी वाढतात. वाढलेले ठोके म्हणजे जणू आपल्या शंकेचा पुरावाच, असे वाटून भीती दुणावते. काही मिनिटांतच ठिणगीचा वणवा होतो.

याचा पडताळा घेणारा एक प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅनिक डिसऑर्डरच्या रुग्णांना त्यांच्या ठोक्यांचा वेग एकदम वाढल्याचे खोटेच दर्शविण्यात आले. वेग प्रत्यक्षात वाढलेला नव्हता. पण ती खोटी सूचना मिळताच रुग्णांची चिंता वाढली आणि मग ठोकेही खरोखरच वाढले. झटके न येणाऱ्या व्यक्तींवर असा परिणाम झाला नाही. आज मनगटी घड्याळे दिवसभर ठोके मोजून दाखवतात. ज्याला धडधडीची धास्ती आहे, त्याने दर पाच मिनिटांनी तो आकडा पाहणे म्हणजे हाच प्रयोग स्वतःवर रोज करण्यासारखे आहे.

‘मोठे श्वास घ्या’ हा सल्ला कितपत योग्य?

घाबरलेल्या माणसाला सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘जोरजोरात श्वास घे.’ हेतू चांगला असला, तरी परिणाम अनेकदा उलटा होतो. झटक्यात माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो. हा वायू केवळ टाकाऊ नव्हे. त्याचे प्रमाण घटले की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि गरगरल्यासारखे वाटते. रक्ताची आम्लता बदलल्याने ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, कधी बोटे वाकडी होतात. छाती आवळल्यासारखी वाटते. रुग्णाला वाटते, हवा कमी पडते आहे. म्हणून तो आणखी जोरात श्वास घेतो आणि लक्षणे वाढतात.

तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपायही आता सुचविला जात नाही. त्रास हृदयविकाराचा किंवा दम्याचा असेल, तर ऑक्सिजन कमी होऊन जिवावर बेतू शकते. श्वास मोठा घेण्यापेक्षा तो सावकाश सोडण्याला महत्त्व आहे. त्याचे कारण पुन्हा व्हेगसशी निगडित आहे. आपण श्वास आत घेतो तेव्हा ठोके किंचित जलद होतात आणि बाहेर सोडतो तेव्हा किंचित मंदावतात. नाडीवर बोट ठेवून सावकाश श्वास घेतल्यास बहुतेक तरुण निरोगी व्यक्तींना हा चढउतार स्वतः जाणवू शकतो. उच्छ्वास लांबवला, की ब्रेक अधिक काळ लागून राहतो.

लोणावळ्यातील शोध

हृदयाला थेट हुकूम देता येत नाही, पण श्वासाच्या वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचता येते, हे आपल्या परंपरेला अनुभवाने ठाऊक होते. ते प्रयोगशाळेत तपासून पाहण्याचा प्रयत्न लोणावळ्यातच झाला, ही या परिसराला अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे. स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये येथे ‘कैवल्यधाम’ची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांच्या वेळी शरीरातील दाबात होणारे बदल, क्ष-किरणांनी दिसणाऱ्या हालचाली, प्राणायामातील ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांची देवाणघेवाण यांची मोजमापे त्यांनी घेतली. योगाचे गुणगान करण्यापूर्वी तो मोजून पाहावा, ही दृष्टी त्या काळी नवी होती.

योगी हृदय थांबवू शकतात, या समजुतीची शहानिशाही झाली. अमेरिकेतील मॅरियन वेंगर आणि बसू बागची, तसेच दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बाळकृष्ण आनंद यांनी हृदयावर ताबा असल्याचे सांगणाऱ्या चार योग्यांची भारतात यंत्रांच्या साह्याने तपासणी केली. निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणाचेही हृदय थांबले नव्हते. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळल्याने तिघांची नाडी हाताला लागेनाशी झाली होती इतकेच, विद्युत आलेखात ठोके चालूच होते. चौथ्याने मात्र हृदयाचा वेग स्पष्टपणे मंदावून दाखविला. तोही थेट इच्छाशक्तीने नव्हे, तर स्नायूंवरील ताब्याच्या मार्गानेच, असे संशोधकांचे मत पडले. सामान्य माणसाने यातून घ्यायचा बोध साधा आहे. ‘हृदया, शांत हो’ असे म्हणून हृदय शांत होत नाही. श्वास आणि स्नायू मात्र आपले ऐकतात आणि हृदय त्यांचे ऐकते.

इटलीतील लुचिआनो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही येथे आठवतो. तेवीस निरोगी व्यक्तींना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला सांगण्यात आले. दोन्ही वेळी श्वासांची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयी एकमेकींशी जुळल्या. जप असो, आरती असो की संथ लयीत म्हटलेला अभंग, ओळ पुरी होईपर्यंत श्वास हळूहळू सोडावाच लागतो. भुशीवरून पुढे जाणारी इंद्रायणी ज्या देहू-आळंदीला पोहोचते, तेथील भजनी मंडळींना ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नसेल.

झटका आला तर काय करावे?

ज्यांची हृदयतपासणी झालेली आहे आणि हा त्रास भीतीच्या झटक्याचाच असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्यांच्यासाठी पुढील उपाय उपयुक्त ठरतात :

१) थांबा आणि टेका. पाण्यात, पायऱ्यांवर किंवा कड्याजवळ असाल, तर आधी सुरक्षित, सपाट जागी या. वाहन चालवत असाल, तर ते बाजूला सुरक्षित थांबवा. पाय जमिनीवर टेकवून बसा, गळ्याजवळचे कपडे सैल करा.

२) त्याला नाव द्या. ‘हा भीतीचा झटका आहे. पूर्वीही आला होता, ओसरला होता. काही मिनिटांत ओसरेल’, असे स्वतःला सांगा. धडधड थांबविण्याचा आटापिटा करू नका. तिच्याशी झुंजण्यानेही घंटा वाजत राहते.

३) उच्छ्वास लांबवा. नाकाने चार अंक मोजत बेताचा श्वास घ्या आणि सहा अंक मोजत सावकाश सोडा. श्वास कोंडू नका. पाच मिनिटे हे करत राहा. तोंड मिटून गुणगुणल्यानेही उच्छ्वास लांबतो. कपालभाती, भस्त्रिका यांसारखे जलद श्वासाचे प्रकार झटक्याच्या वेळी टाळावेत.

४) स्नायू आवळा आणि सोडा. मुठी पाच सेकंद घट्ट आवळून सैल सोडा. मग खांदे, मग पोटऱ्या.

५) लक्ष बाहेर वळवा. दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाला जाणवणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास आणि एक चव अशी मनात मोजदाद करा. छातीच्या आत लागलेले लक्ष त्यामुळे बाहेर येते.

६) चेहऱ्यावर गार पाणी. चेहऱ्याला गार पाण्याचा स्पर्श झाला की ठोके मंदावतात, ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे. पाण्याचा हबका किंवा ओला रुमाल पुरेसा आहे. हृदयविकार असलेल्यांनी हा उपाय डॉक्टरांना विचारूनच करावा. मात्र, त्यासाठी प्रवाहात उतरू नये. थंड पाण्यात एकदम अंग बुडाल्यास उलट धाप लागते आणि ठोके वाढतात.

बरोबरच्या मंडळींनी भोवती गर्दी करू नये. ‘नाटक करू नकोस’, ‘मन घट्ट कर’ अशी वाक्ये टाळावीत. शेजारी बसून शांतपणे अंक मोजत राहावे. त्या लयीवर श्वास आपोआप येतो.

केव्हा थांबायचे नाही?

वरील उपाय निदानानंतरचे आहेत. अशी धडधड आयुष्यात प्रथमच होत असेल, तर ती भीतीची आहे, असे घरच्या घरी ठरवू नये. छातीच्या मध्यभागी दाब किंवा ओझे ठेवल्यासारखे दुखणे, ते डाव्या हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे सरकणे, दरदरून घाम, मळमळ, चालल्यावर दुखणे वाढणे, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही आढळल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट रुग्णालय गाठावे. मधुमेही, वृद्ध आणि महिला यांच्यात हृदयविकाराची लक्षणे नेहमीसारखी नसण्याची शक्यता अधिक असते. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्यांनी शंकेचा फायदा नेहमी रुग्णालयाला द्यावा. पावसाळी सुट्टीच्या दिवशी भुशीच्या रस्त्यावरील कोंडी लक्षात घेता ज्यांना हृदयाचा त्रास आहे, त्यांनी औषधे जवळ ठेवणे आणि गर्दीची वेळ टाळणे शहाणपणाचे.

हृदयाच्या लयीचे काही विकार भीतीच्या झटक्यासारखेच भासतात. एखादे बटण दाबावे तशी धडधड सुरू होणे, वेग १५० च्या वर जाणे आणि तशीच ती एका क्षणात थांबणे, हे अशा विकाराचे लक्षण असू शकते. भीतीमुळे वाढलेले ठोके उतरताना मात्र हळूहळू उतरतात. त्रास चालू असतानाच काढलेला इसीजी सर्वांत बोलका ठरतो. तो शक्य नसेल, तर चोवीस तास किंवा अधिक काळ नोंद घेणारे होल्टर यंत्र लावले जाते. थायरॉइडची वाढलेली क्रिया, रक्तक्षय, साखर उतरणे, दम्याची काही औषधे, अतिरिक्त चहा-कॉफी यांमुळेही ठोके वाढतात. म्हणून त्यासंबंधीच्या तपासण्या एकदा व्यवस्थित करून घ्याव्यात. एकदा तपासण्या पूर्ण झाल्या, की त्याच पुनःपुन्हा करत राहणे हे मात्र दुष्टचक्राला खतपाणी घालणेच होय.

उपचार आहे

पॅनिक डिसऑर्डर हा उपचारांना चांगला प्रतिसाद देणारा विकार आहे. बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीत रुग्णाला ठोक्यांचा चुकीचा अर्थ ओळखायला शिकवतात. त्याचाच एक भाग म्हणून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली धडधड मुद्दाम निर्माण केली जाते. जागच्या जागी पळणे, जिना चढणे, काही क्षण जलद श्वास घेणे. ठोके वाढतात, काहीही अघटित होत नाही आणि ठोके उतरतात. असे अनेकदा घडले, की धडधड आणि मृत्यू यांची मनात पडलेली गाठ सुटू लागते.

औषधांमध्ये सेरोटोनिनवर काम करणारी नैराश्यविरोधी औषधे प्रामुख्याने वापरली जातात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला अस्वस्थता किंचित वाढू शकते. त्यामुळे ती मध्येच सोडू नयेत. झटपट आराम देणाऱ्या गोळ्यांची सवय लागण्याचा धोका असतो. ठोके कमी करणाऱ्या काही गोळ्या दम्याच्या रुग्णांना घातक ठरू शकतात. तेव्हा मित्राला गुण आला म्हणून त्याची गोळी घेणे सर्वथा टाळावे.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याचा संकोच अजूनही पुरता गेलेला नाही. छाती धडधडली की हृदयरोगतज्ज्ञांकडे जाताना ज्याला काहीच वाटत नाही, तोच माणूस ‘मनाच्या डॉक्टर’कडे जाताना ओळखीचे कोणी भेटेल काय, याची धास्ती बाळगतो. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा अशांना पहिला आधार ठरू शकते. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. मराठीतूनही संवाद साधता येतो.

भुशीच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्याचे भय बाळगलेच पाहिजे. प्रशासनाचे मनाई आदेश आणि धोक्याचे फलक त्यासाठीच असतात. पण स्वतःच्या तपासलेल्या, निरोगी हृदयाचे भय बाळगण्याचे कारण नाही. पहिल्या धडधडीला डॉक्टरांकडे जावे. त्यांनी निर्वाळा दिल्यावर पुढच्या धडधडीला चार अंकांत श्वास घ्यावा आणि सहा अंकांत सोडावा.